'मुंबई'ची पाटी कोरी नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'आयएनएस मुंबई' या विनाशिकेला नौदलात २५ वर्षे झाल्यानिमित्त लेख आला. लेख मी दोनदा वाचला. शस्त्रांची माहिती तपशीलवार होती, छायाचित्रही चांगले होते. शेवटच्या परिच्छेदातले एक वाक्य मात्र काही केल्या घशाखाली उतरेना. एवढी क्षेपणास्त्रे अंगावर वागवूनही या जहाजाने २५ वर्षांत शत्रूवर एकही डागलेले नाही, तेव्हा तिची पाटी तशी कोरीच, अशा अर्थाचे ते वाक्य होते. लेखकाने हे कौतुकाने लिहिले की टोमणा म्हणून, हे मला कळले नाही. टोमणा असेल तर त्याला उत्तर द्यायला हवे आणि कौतुक असेल तर तेही चुकीच्या गोष्टीचे आहे.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे मी मध्ये का बोलतोय ते कळेल. मी माझगाव डॉकमध्ये, म्हणजे मुंबईतल्या जहाजबांधणीच्या गोदीत, वेल्डर होतो. या जहाजाच्या हलवर, म्हणजे बाहेरच्या सांगाड्यावर, विशेषतः डबल बॉटममध्ये, मी काम केले आहे. डबल बॉटम म्हणजे जहाजाचा बाहेरचा तळ आणि आतला तळ यांच्यामधली पोकळी. मॅनहोलमधून अंग चोरून आत उतरायचे, आडवे पडून नाहीतर गुडघ्यांवर बसून वेल्डिंग करायचे. वरून ब्लोअरची नळी सोडलेली असायची, तरी धूर कोंडायचाच. हेल्पर मॅनहोलच्या तोंडाशी बसून अधूनमधून हाक मारायचा. ओ दिली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. सीम, म्हणजे वेल्डिंगचा जोड, पूर्ण झाली की तिच्याशेजारी खडूने आपला नंबर टाकायचा. मग तिचा एक्स-रे निघायचा. फिल्मवर काळा ठिपका दिसला की गाउजिंग करून तेवढा भाग उकरून काढायचा आणि पुन्हा भरायचा. एकदा वीतभर जोडासाठी मला तीनदा आत उतरावे लागले होते. तेव्हा शिव्या घातल्या, आज नाही घालणार.

'मुंबई'ची कील, म्हणजे तळाचा कणा, १४ डिसेंबर १९९२ रोजी ठेवली. ही तारीख मुंबईकरांनी एकदा नीट पाहावी. बाबरी पडून जेमतेम आठवडा झाला होता. डोंगरी, भायखळा, माझगाव हा सगळा टापू धगधगत होता. पुढे जानेवारीत दुसरी दंगल झाली आणि १२ मार्चला बॉम्बस्फोट. कामावर पोहोचता येईल की नाही, हे त्या दिवसांत रोज सकाळी रस्ता पाहून ठरायचे. डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरून आम्ही पाच-सात जण घोळक्याने गेटपर्यंत चालत जायचो. त्या घोळक्यात सगळ्या धर्मांचे होते. गेटच्या आत मात्र कुणी कुणाला काही विचारले नाही.

२० मार्च १९९५ ला जलावतरण झाले. त्याच वर्षी शहराचेही नाव अधिकृतपणे मुंबई झाले. जलावतरण टीव्हीवर पाहणाऱ्यांना वाटते, जहाज तयार झाले. खरे तर त्या दिवशी पाण्यात उतरतो तो नुसता डबा. इंजिने, केबल, रडार, तोफा, स्वयंपाकघर असे सगळे नंतर बसते. 'मुंबई' नौदलात दाखल झाली ती २२ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे पाण्यात उतरल्यावर जवळजवळ सहा वर्षांनी. याला एक मोठे कारण होते. या वर्गाच्या जहाजांची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनची, क्षेपणास्त्रे आणि बरीचशी रडार रशियाची. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच फुटला, तेव्हा ज्याच्याशी करार केला तो देशच उरला नाही. त्याचा फटका 'दिल्ली', 'म्हैसूर' आणि 'मुंबई' या तिन्ही बहिणींना बसला. 'दिल्ली'ला कील ठेवल्यापासून नौदलात जायला १० वर्षे लागली. उशिराबद्दल आपल्या लेखात जे लिहिले आहे ते मला मान्य आहे. त्यावर वाद घालायचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेली आमच्याच गोदीची 'सुरत' ही विनाशिका पाच वर्षांत उभी राहिली. गोदी या तीन जहाजांवरच हात मारत शिकली, एवढेच त्यावर म्हणेन.

आता त्या कोऱ्या पाटीकडे येतो.

नौदलात दाखल होऊन वर्षही झाले नव्हते तोच संसदेवर हल्ला झाला आणि पाकिस्तानविरुद्ध सैन्य सज्ज ठेवणारे 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झाले. त्यात 'मुंबई' होती. युद्ध झाले नाही, जहाजे परत आली. पण मला सविस्तर सांगायचे आहे ते २००६ च्या जुलैबद्दल. 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' आणि इंधन पुरवणारी 'शक्ती' अशी चार जहाजे भूमध्य समुद्रातल्या सदिच्छा भेटी आटोपून घरी निघाली होती. तेवढ्यात इस्रायल आणि लेबनॉनमधली हिजबुल्ला संघटना यांच्यात लढाई पेटली. बैरूतच्या विमानतळावर १३ जुलैला बॉम्ब पडले. इस्रायलने समुद्राकडून नाकेबंदी केली. १४ तारखेला इस्रायलच्याच 'हनित' या युद्धनौकेवर किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र येऊन आदळले आणि तिचे चार नौसैनिक गेले.

म्हणजे पाहा, जिथे आधुनिक नौदलाचे जहाज एका क्षेपणास्त्राने जायबंदी झाले, त्याच किनाऱ्याला सहा दिवसांनी, २० जुलैला, आमची 'मुंबई' अडकलेली माणसे उचलायला गेली. या मोहिमेचे नाव 'सुकून'. बैरूतहून माणसे भरायची, सायप्रसच्या लार्नाकाला सोडायची, पुन्हा फेरा. लार्नाकाहून पुढे विमाने. ऑगस्ट उजाडेपर्यंत सुमारे २,२८० माणसे बाहेर काढली. त्यात श्रीलंका आणि नेपाळचे लोक होते, काही लेबनीजही होते.

१६३ मीटर लांबीच्या या जहाजावर चारशेच्या आसपास खलाशी आणि अधिकारी असतात. झोपायचे बंक, जेवणाची ताटे, संडास सगळे तेवढ्याच हिशोबाचे. त्यात अचानक शेकडो बायामाणसे, तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि त्यांच्या बॅगा आल्या की काय होत असेल, याची कल्पना करा. खलाशाने आपला बंक सोडायचा तर त्याने झोपायचे कुठे? आणि ज्या उंबऱ्यांवरून जाताना आमचेसुद्धा पाय अडखळायचे, ते पोर कडेवर घेतलेल्या बाईने कसे ओलांडायचे? विनाशिका बांधताना प्रवाशांचा विचार कुणीच करत नाही. मी तर नव्हताच केला.

२०१५ मध्ये पुन्हा तेच झाले, या खेपेला येमेनमध्ये. मार्चअखेर सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. एडन शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई चालू होती. सर्वांत आधी पोहोचली ती गस्तीनौका 'सुमित्रा'. तिचे कप्तान कमांडर मिलिंद मोकाशी यांना पुढे शौर्यचक्र मिळाले. आपल्या लेखात येमेनच्या या 'राहत' मोहिमेला एक ओळ आहे, पण हे नाव त्यात नाही. मराठी वर्तमानपत्रात ते राहून जावे, याचे वाईट वाटले. 'सुमित्रा'च्या मागोमाग 'मुंबई' आणि 'तर्कश' गेल्या. एडनच्या धक्क्याला लागणे धोक्याचे होते, म्हणून 'मुंबई' बाहेर खोल पाण्यात उभी राहिली आणि लहान होड्यांनी माणसे तिच्याकडे आणली गेली. हेलकावणाऱ्या होडीतून उंच युद्धनौकेवर चढणे म्हणजे काय, ते गोदीतल्या माणसाला विचारा. आम्ही शांत पाण्यात चढतानाही दोन्ही हातांनी शिडी धरायचो. अशा रीतीने चारशेहून अधिक लोक तिने उचलले आणि आफ्रिकेतल्या जिबूतीला नेऊन सोडले. सगळी मोहीम धरली तर येमेनमधून ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० परदेशी नागरिक सुटले.

आता कुणी म्हणेल, माणसेच आणायची तर प्रवासी जहाज पाठवावे, त्याला विनाशिका कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर तिच्या पुढच्या भागात, ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षाच्या, दोन्ही अंगांना बसवलेल्या नळकांड्यांत आहे. त्या मोहिमांच्या वेळी तिच्यावर होती शत्रूच्या जहाजांवर डागायची उरान जातीची सोळा क्षेपणास्त्रे, विमानांवर सोडायची वेगळी, शिवाय समोरून येणारे क्षेपणास्त्र हवेतच फोडायला भराभर गोळ्या झाडणाऱ्या तोफा. हे सगळे भरलेले आहे हे किनाऱ्यावरच्यांनाही ठाऊक असते. येमेनला 'कवरत्ती' आणि 'कोरल्स' ही प्रवासी जहाजे पाठवली होतीच, पण संरक्षणाशिवाय त्यांना कुणी त्या पाण्यात सोडले नसते. क्षेपणास्त्रे डागली नाहीत म्हणून ती फुकट गेली असे आपला लेखक म्हणतो. वाड्याच्या दारात रात्रभर बसणाऱ्या राखणदाराला सकाळी कुणी 'तू आज किती चोर मारलेस' असे विचारून पगार देत नाही.

तिच्या बहिणीचेही एक उदाहरण देतो. डिसेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात एका इथिओपियन व्यापारी जहाजाने मदतीसाठी हाक दिली. 'म्हैसूर' धावली आणि तिने २३ समुद्री चाचे पकडले. क्षेपणास्त्र तिथेही डागले नाही.

आणखी एक गोष्ट लेखात राहिली आहे, ती थोडी गमतीची. मोठ्या डागडुजीनंतर 'मुंबई'चे बिऱ्हाड आता पूर्व किनाऱ्यावर हलले आहे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्या सिंधुदुर्गात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. चारच दिवसांनी, ८ डिसेंबरला, ती विशाखापट्टणमला पोहोचली. तिकडे 'आयएनएस विशाखापट्टणम' नावाची विनाशिका मुंबईत नांदते आहे. दोघींनी सासर-माहेर बदलून घेतल्यासारखे झाले. पूर्वेला गेल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये 'मुंबई' कोलंबोला जाऊन आली, जाताना श्रीलंकेच्या डॉर्नियर टेहळणी विमानाचे सुटे भागही घेऊन गेली. जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या बाजूला फ्रान्सने बोलावलेल्या 'ला पेरूज' सरावात ती होती. पंचविशीत आलेल्या जहाजाला आराम म्हणतात तो हा!

माझी मागणी साधी आहे. युद्धनौकेवर लेख लिहिताना टन, मीटर आणि क्षेपणास्त्रांचा पल्ला जरूर द्या, ते मलाही आवडते. पण त्याखाली ती कुठे कुठे गेली, कुणाला घेऊन आली, याचीही एक चौकट द्या. बैरूतहून किंवा एडनहून तिच्या डेकवर बसून आलेली मराठी माणसे आपल्या वाचकांत नक्की असतील. त्यांना आवाहन करून चार शब्द लिहायला सांगितले, तर तो मजकूर माझ्या या पत्रापेक्षा केव्हाही मोलाचा होईल. मी फक्त तळातला माणूस. ती पाण्यात उतरल्यावर माझे काम कुणाला दिसलेच नाही आणि ते दिसू नये हेच बरे. तळातली सीम दिसायची वेळ आली तर समजायचे, काहीतरी फार बिघडले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
माझगाव डॉकचा एक निवृत्त वेल्डर,
सावंतवाडी

ता. क. : लेखाबरोबरच्या चौकटीत जहाजाची लांबी १३६ मीटर छापली आहे. ती १६३ हवी. आकडे उलटसुलट झाले असावेत. २७ मीटर कमी झाले तर हेलिकॉप्टर उतरवायला जागा उरायची नाही.