तिकिटावरच्या बायका

प्रिय सुनंदा,

पोस्टाच्या तिकिटावर पहिली बाई कोण, असं तू विचारलंस. उत्तर सोपं आहे आणि तेच मला सलतं. जगातलं पहिलंच तिकीट, १८४०चं ‘पेनी ब्लॅक’, व्हिक्टोरिया राणीचं. म्हणजे पुरुषाच्या आधी बाई आली, पण आली ती सिंहासनामुळे! चेहराही तिच्या पंधराव्या वर्षीच्या रेखाटनावरून घेतलेला. पुढे ती आजी झाली, पणजी झाली, १९०१मध्ये वारली. ब्रिटनच्या तिकिटांवर मात्र अखेरपर्यंत तरुणच राहिली.

राण्यांखालोखाल मान कुणाला, तर ज्या कधी जन्मल्याच नाहीत त्यांना. फ्रान्सच्या १८४९च्या पहिल्या तिकिटावर धान्यदेवता सेरेस, १९०३पासून बी पेरत निघालेली स्त्री. स्वित्झर्लंडची हेल्वेशिया, जर्मनीची जर्मानिया. देशाला, सुगीला रूप द्यायला बाई हवी, पण हाडामांसाच्या बाईला जागा मिळेना. अमेरिकेनं १९०२मध्ये आपल्याकडची पहिली स्त्री तिकिटावर आणली ती मार्था वॉशिंग्टन, पहिल्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी. मताधिकारासाठी जन्मभर झगडलेल्या सुझन अँथनीला १९३६ उजाडावं लागलं. तोवर तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

आपल्याकडचं पाहताना मी जास्तच रेंगाळते. १८५४च्या तिकिटांवरही व्हिक्टोरियाच. त्यातलं चार आण्यांचं दोन रंगांत, चौकट वेगळी आणि चेहरा वेगळा छापलेलं. काही प्रतींत कागद उलटा गेला आणि राणीचं डोकं खाली झालं. संग्राहक आज त्या चुकीवर जीव टाकतात. माझा जीव मात्र १९५७च्या तिकिटावर आहे. सत्तावनच्या उठावाची शताब्दी, आणि त्यावर घोड्यावरची झाशीची राणी! जिच्या फौजेशी ती लढली, त्या राणीचा चेहरा याच मुलखाच्या टपालावर किती वर्षं फिरला होता, हे आठवलं की मी ते तिकीट पुन्हा हातात घेते.

तिच्याही आधी, १९५२मध्ये, मीराबाई आली. कबीर, तुलसीदास, सूरदास, गालिब, टागोर आणि मीरा: सहा जणांत एकटी बाई. रमाबाई रानडे १९६२मध्ये. आणि सावित्रीबाई फुले? थेट १९९८मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षं उलटल्यावर. मुलींना अक्षर शिकवणाऱ्या बाईचं तिकीट पत्रावर लागायला एवढा काळ का जावा? मला याचं खरंच वाईट वाटतं गं.

तुझ्याकडच्या जुन्या पत्रांत ती मीरा असेल, तर तिकीट भिजवून सुटं करू नकोस. शिक्क्यासकट, पाकिटासकट जपून ठेव. भेटू तेव्हा बघेन.

तुझीच,
माधुरी