मामा, त्या सुरगाठीबद्दल

मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. नात वाचून दाखवील. तिला सांगा, मधले आकडे गाळू नकोस. पंचगंगेत जाळं टाकणारा, फुटाफुटानं नदी मोजणारा माणूस तुम्ही, तुम्हाला आकडे आवडतात.

पत्र असं चारचौघांत लिहिते आहे, कारण माझी चूकही चारचौघांत झाली होती.

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही गल्लीतल्या सात-आठ जणी वेळासला कासवं बघायला गेलो होतो. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. पूर्वी तिथं कासवाची अंडी काढून खाल्ली, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आता सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात आणि पिल्लं वर आलेली असली की वाळूवर सोडतात. तळहातावर मावेल एवढं पिल्लू पाण्याकडे निघालं की शंभर माणसं गप्प होतात. परतीच्या गाडीत मात्र आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. समुद्रासाठी आपणही काहीतरी करायचंच!

काहीतरी म्हणजे काय, तर ८ जूनला जागतिक महासागर दिन असतो, त्या दिवशी पंचगंगा घाटावर फलक धरून उभं राहायचं. मजकूर माझा: 'कोल्हापूरचा कचरा वेळासच्या कासवाच्या पोटात जाऊ देऊ नका.' दहा बाय चारचा फ्लेक्स. फ्लेक्स हेही प्लास्टिकच, हे तो छापून हातात आल्यावर सुचलं. पण तुम्ही दाखवलेली चूक याहून मोठी होती.

तुम्ही पायरीवर बसून जाळं सांधत होता. मान वर न करता विचारलंत, "बाई, ह्ये येळास कुठं आलं?"

"कोकणात. रत्नागिरी जिल्ह्यात."

"मग हितला कचरा घाट चढून जातोय व्हय तिकडं?"

मामा, मी एकवीस वर्षं भूगोल शिकवते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीला संगम, नृसिंहवाडीला कृष्णेत, हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. आणि फलक लिहायला बसले तर समुद्र म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे कोकण. आपलं सगळ्यांचंच तसं आहे. समुद्र म्हणजे गणपतीपुळे, मालवण, तीन-चार तासांची गाडी, येताना पिशवीत सुकट. गगनबावड्याला, राधानगरीला कोसळणारा पाऊस येतो त्या अरबी समुद्रावरूनच, पण एकदा जमिनीवर पडला की त्याच समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वाहत सुटतो.

"वाडीपातूर मला ठावं हाय," तुम्ही म्हणालात. "फुडचं तुमी शिकल्याली माणसं सांगा."

त्या रात्री ॲटलास काढला. नृसिंहवाडीनंतर हजारावर किलोमीटर आहेत. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आणि शेवटी हंसलदीवीपाशी बंगालचा उपसागर. दुसऱ्या दिवशी येऊन मी तुम्हाला ही सगळी नावं सांगितली, तेव्हा तुम्ही प्रत्येक धरणाला एक बोट मिटलंत.

आपणच समुद्र बुडवतोय असंही नाही. २०२१ साली जगभरच्या नद्यांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास आला. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजाराहून थोड्या जास्त नद्या नेतात आणि त्यांत किनाऱ्याजवळच्या शहरांतल्या लहान नद्या फार पुढे आहेत, असं त्यात निघालं. आपल्यासारख्या लांबच्या गावांचं बरंचसं वाटेतच अडकतं. हे वाचून माझ्यातल्या आळशी बाईला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "अडीकलंय म्हंजे ऱ्हायलंय न्हवं, बाई. संपलंय कुठं?" बंधाऱ्याच्या बरग्यांना, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांना, अडकलेली पिशवी उन्हानं खडखडीत होते, तिचे तुकडे होतात आणि मग पूर येतो. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ओसरल्यावर झाडांच्या शेंड्यांना लोंबणाऱ्या चिंध्या महिनोन् महिने दिसत होत्या. ज्या दिसत नव्हत्या त्या पुढे गेल्या.

"माजं येक जाळं गेलं त्यात," तुम्ही म्हणालात.

मी लगेच वर्गातला बाईपणा केला. समुद्रात सुटलेल्या अशा जाळ्यांना भुताची जाळी म्हणतात, ओढणारा कोणी नसला तरी ती धरतच राहतात, कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि पाय अडकले की ते पाण्यातच गुदमरतं, असं सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर कळलं की हे आत्ता सांगायला नको होतं. तुम्ही बराच वेळ हातातला धागा चोळत होता. मग म्हणालात, "आज्ज्याचं जाळं सुताचं हुतं. कुजायचं. ह्यो नायलॉन मरत न्हाई."

चार दिवसांनी तुम्ही सायकलला दोन पोती बांधून माझ्या दारात. घरातली फाटकी-तुटकी सगळी जाळी. "फेकनार न्हाई. तुमच्या त्या वड्याला लावू." म्हणजे आमच्याकडच्या ओढ्याला.

आम्ही तर लगेच लावायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. जूनमध्ये लावलेलं जाळं पहिल्या पावसात जाईल, दिवाळीपर्यंत दम धरा. मला वाटलं, हा उत्साह दिवाळीपर्यंत टिकायचा नाही. आठांतल्या तिघी गळाल्याच. परवानगीसाठी ज्या कार्यालयात खेपा घातल्या तिथं 'नाल्याला जाळं' कुठल्या हेडखाली घालायचं हा प्रश्न तीन टेबलांवर फिरला. त्यावर जास्त लिहीत नाही. शेवटी मिळाली परवानगी.

आता मुख्य. जाळं लावणं म्हणजे आडवी दोरी बांधून मोकळं होणं, अशी माझी समजूत. तुम्ही एका सकाळीत जे शिकवलंत ते मी नंतर वर्गातही शिकवलं, पुस्तकात नसताना. ओढ्याला जाळं सरळ आडवं घालायचं नाही, तिरकं घालायचं, म्हणजे वाहत आलेलं सगळं सरकत एका काठाला येतं आणि पाण्यात न उतरता काढता येतं. वरच्या दोरीला रिकामे डबे, खालच्या दोरीला शिशाचे गोळे. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बोटभर; बारीक घेतली तर तासाभरात पानांनी बुजते आणि पाण्याचा भार येऊन फाटते. आणि तळाशी हातभर मोकळं. मी म्हटलं, खालून कचरा जाईल की! "जाऊ दे थोडा. माशाला, खेकड्याला वाट नगं?" समुद्र वाचवायला निघालेल्या आम्हा पाच जणींच्या डोक्यात ओढ्यातला मासा आलाच नव्हता.

आणि गाठी. एका काठाला उंबराच्या बुंध्याला निरगाठ, समोरच्या काठाला सुरगाठ. पाणी चढलं की सुरगाठीचं टोक ओढायचं. जाळं सुटतं, दुसऱ्या काठाला जाऊन बिलगतं, वाहून जात नाही.

पहिल्या रविवारी पोती कमी पडली. मला बाटल्या सापडतील असं वाटलं होतं, पण बाटल्या भंगारवाला ओढ्यात जाऊच देत नाही. निघालं ते ज्याला कोणी विचारत नाही तेच. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत पाकिटं, केटररच्या थर्माकोलच्या वाट्या, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोडलेलं निर्माल्य, आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. ते कोपरे बोटभर आसेतून निसटायचे, पण पानांच्या गठ्ठ्यात शेकड्यांनी चिकटून यायचे. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, हे त्या ढिगाला कोणी सांगितलेलं नव्हतं. कोपरा पूर्ण न कापता चीर पाडून तसाच पिशवीला राहू द्यायचा, ही गोष्ट माझ्या सातवीच्या पोरांनी घरोघर सांगितली. फरक पडला, थोडा. थर्माकोलवाल्याला मात्र अजून पटलेलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ मध्ये, जिनिव्हाला प्लास्टिकच्या जागतिक करारासाठी देशोदेशीचे लोक बसले होते आणि काही न ठरता उठले. पेपरात वाचलं तेव्हा हसू आलं. पोती घंटागाडीपर्यंत कोणी न्यायची यावर आमच्या पाच जणींचंही तीन आठवडे ठरत नव्हतं.

पण हे पत्र खरं तर त्या मे महिन्यातल्या रात्रीसाठी आहे. २०२५ चा पाऊस आठवतोय ना, मे संपायच्या आत आला. २६ तारखेला मान्सून मुंबईतही पोचला होता. आपलं ठरलं होतं ३१ मेला जाळं काढायचं, कॅलेंडर बघून, आणि ते ठरवणारी मीच. त्याआधीच एका रात्री दोनच्या सुमाराला पत्र्यावर जो आवाज सुरू झाला, त्यानं जाग आली ती जाळ्याच्याच विचारानं. ह्यांना उठवलं, बॅटरी घेतली, निघालो. वाटेत मी एकच हिशेब करत होते. सुरगाठ ओढायला त्या काठाला जायचं, ओढा ओलांडायचा कसा? आणि जाळं गेलं तर तुम्हाला काय सांगायचं? तुमचं आणखी एक जाळं, आणि तेही माझ्यामुळे.

तुम्ही तिथंच होता. डोक्यावर खताचं पोतं, सायकल काठावर आडवी, हातात सुटलेल्या दोरीचं टोक. जाळं उंबराला सुखरूप चिकटलेलं. पाणी गढूळ, चढतं. तुम्ही बॅटरीच्या उजेडात डोळे मिचकावत म्हणालात, "निरगाठ असती तर गेलं असतं वाडीला." मग ह्यांच्याकडे बघून, "बाईस्नी कशाला आनलंसा भिजवायला?"

त्या रात्री मला एक शब्द बोलता आला नाही. नंतरही दरवेळी कचऱ्याचंच बोलणं होत राहिलं. म्हणून आज लिहिते. मामा, तुमचे उपकार आहेत. दिशा दाखवलीत म्हणून, दिवाळीपर्यंत थांबवलंत म्हणून, खाली हातभर मोकळं ठेवलंत म्हणून, आणि साठी उलटलेल्या वयात पावसात सायकल काढलीत म्हणून.

एक बातमी तुम्हाला अर्धीच सांगितली होती, आता पुरी सांगते. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीला नंबराचा बिल्ला लावला होता. तीच २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल तर साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे आपली कृष्णा ज्या उपसागराला मिळते त्यातलं कासव कोकणात येऊन अंडी घालू शकतं. हे ऐकल्यावर तुम्ही म्हणाला होता, "मग तुमचा बोर्ड अगदीच चुकला न्हवता की." तो फ्लेक्स मी फेकलेला नाही. दारातल्या लाकडांवर पावसाळ्यात टाकायला होतो.

या वर्षी वरच्या अंगाला, पुलाच्या अलीकडे, दुसरं जाळं लावायचं म्हणतोय. तिथं अलीकडच्या काठाला झाड नाही, नुसता दगडी कठडा आहे. निरगाठ कशाला मारायची ते बघायला रविवारी याल का? सकाळी सातला रिक्षा पाठवते. सायकल आणू नका.

तुमची,
भूगोलाच्या बाई