गोड्या पाण्याने हात धुणाऱ्या तांडेलकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. होडीतून उतरताना मी पर्समध्ये सुटे शोधत होते आणि आमचे चिरंजीव चिखलातल्या निवट्या माशांना टाटा करत होते. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. ऐरोलीच्या बाजूचं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. ओळख पटावी म्हणून सांगते: महिन्यापूर्वी, ओहोटी लागायच्या बेतात, कळव्याची एक बाई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा. मुलाने छातीशी धरलेली दोनशे पानी वही, दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली.

त्या वहीत पाणजी राहते. पणजी आणि पाणी मिळून पाणजी, शब्द त्याचाच. त्याने एक जग रचलंय. तिथे आकाशात दोन चंद्र आहेत आणि खाली न संपणारं खाजण. त्या खाजणात ही पाणजी, चंद्रांहूनही म्हातारी. अंग चिखलाचं, केस खाली न पडता सरळ वर उगवणारे. जे जे बुडालं ते सगळं तिला आठवतं. देवी नाही, भूत नाही, कुणाला शाप देत नाही. नुसती आहे.

ही पाणजी घेऊन आम्ही कुठे कुठे गेलो, ते ऐका. शाळेत वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने शेरा मिळाला, ‘कोठून उतरवले?’ मग सुट्टीत कल्पनाशक्ती वाढवण्याचं एक शिबिर गाठलं. फी भरताना माझीच कल्पनाशक्ती वाढली होती. तिथल्या ताईंनी वही अंगठ्याने फर्रकन चाळली, बँकेत नोटांचं बंडल चाळतात तशी. म्हणाल्या, “दलदलीत कशाला ठेवलीस रे हिला? तळं कर, कमळं कर. चिखल म्हटलं की वाचणाऱ्याला वास येतो.” त्या दिवसापासून वही कपाटावर गेली, ती पाच महिने तिथेच. मी विचारलं की “नंतर” म्हणायचा. बारा वर्षांच्या मुलाचं “नंतर” किती जड असतं हे मला तेव्हा कळलं.

ठाण्याच्या खाडीत आलो ते खरं तर रोहित पक्षी बघायला. वही त्याने कधी पिशवीत टाकली, मला पत्ताच नव्हता.

तुम्ही तिवरांजवळ नांगर टाकलात. दोर ओढताना तुमचे हात कोपरापर्यंत काळ्या चिखलाने माखले. तेवढ्यात याने विचारलं, “काका, इथे खाली कोण राहतं?” तुम्ही म्हणालात, “तू सांग.” आणि तो सांगायला लागला. पाच महिन्यांनी. मी दुसरीकडे तोंड करून पक्षी बघत असल्याचं नाटक केलं.

मग त्याने वही पुढे केली. तुम्ही हात मागे घेतलात. “थांब, पोराची वही हाय,” म्हणालात आणि फळीखालून पाण्याची बाटली काढलीत. चहूकडे खाडीचं पाणी होतं, एक ओंजळ घेतली असती तरी चाललं असतं. मी तसं म्हणालेही. त्यावर तुम्ही म्हणालात, “खाऱ्या पान्याचा डाग कागदावरून जात नाय.” प्यायच्या पाण्याने आधी एक हात, मग दुसरा, नखांच्या कडासुद्धा. सदऱ्याच्या पाठीला पुसले, उन्हात धरले, पालथे करून बघितले आणि मगच वही घेतलीत. बाटलीत दोन बोटं पाणी उरलं होतं आणि ऊन मी म्हणत होतं. काका, महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर तेच चाललंय.

दुसऱ्याची वस्तू घेण्याआधी स्वतःचे हात बघणारी माणसं असतात. आमच्या इमारतीखालचा इस्त्रीवाला पांढरा सदरा उचलण्याआधी तळवे पुसतो. माझी आजी दुसऱ्याचं पोथीचं पुस्तक पदरात धरून आणायची. अशी माणसं पदवीवरून ओळखता येत नाहीत, आणि शिबिराच्या रंगीत पत्रकावरून तर नाहीच नाही.

आणि तुम्ही नुसती वाहवा केली नाहीत, चुका काढल्यात! वर उगवणारे केस बघून तिवराची चिखलातून वर आलेली मुळं दाखवलीत. “केस कशाला? नाक म्हन. चिखलात हवा नाय, म्हनून झाड असा वर श्वास घेतो.” पान चाटायला लावलंत. पानावर मीठ! आता पाणजीला घाम येत नाही, ती मीठ गाळते. “आमच्याकडं पान्यात साती आसरा, सात जनी असतात. तुझी एकलीच? कंटालत नाय?” यावर त्याने निवट्यांकडे बोट दाखवलं. डोक्यावर डोळे घेऊन चिखलात उड्या मारणारी ती मंडळी म्हणजे तिचा शेजार.

सगळ्यात बहार आली ती चंद्रांमुळे. तुम्ही विचारलंत, “पाऊनकी येते का?” त्याला कुठली यायला, मलाही धड येत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. “पण काका, तिथे चंद्र दोन आहेत.” तुम्ही बराच वेळ गप्प. मग गंभीरपणे म्हणालात, “मंग पंचांगं पन दोन लागतील.” आणि दोघांची अवस एकाच दिवशी आली तर? उधाण, असलं की विचारू नका. तो आनंदाने ओरडला, “तेव्हा पाणजी वर येणार!” तुम्ही मान हलवलीत. “भरतीला नाय. मोठ्या उधाणाची ओहोटी पन तेवढीच खोल जाते. कधी न दिसनारा चिखल तेव्हा उघडा पडतो. ती तेव्हा दिसंल.”

गोष्ट तिथेच सुटली, काका. तो अख्खी रात्र लिहीत होता.

मी मध्येच माझं पांडित्य पाजळलं होतं, तेही आठवतंय. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य, १६९० हेक्टर. २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ठाण्याची खाडी, ६५२१ हेक्टर. तुम्ही शांतपणे म्हणालात, “बरा झाला, कागद झाले.” हे वाक्यही वहीत गेलंय. पाणजीला राजाचे लोक मोजायला येतात, तेव्हा ती हेच म्हणते.

आता पुढचा भाग तयार आहे आणि तुम्ही ऐकल्याशिवाय तो कुणालाच दाखवायचा नाही, असं मला बजावण्यात आलंय. येत्या सप्तमीला येतो. सप्तमीची पाऊणकी सव्वापाच. हा गुणाकार त्याचा आहे, चुकला असेल तर जेट्टीवरच कान धरा. आत खाडीतला उशीरही त्याने धरलाय म्हणे. पाण्याच्या बाटल्या या वेळी आम्ही आणतो, चार.

तुमची,
कळव्याची बाई