केवढं आहे गं?

ह्यूस्टन, टेक्सस

ती. नानामामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घेतलंस ते केवढं आहे गं?" आणि मी एकदम पावसापाण्यावर गेले, कारण आई तुमच्या शेजारीच बसली होती. म्हणून माझ्या नव्या रिव्हॉल्व्हरबद्दलचं हे पत्र. वाचून झालं की बंदुकीच्या परवान्याच्या कागदांत सरकवून ठेवा, तिथे ती हात घालत नाही. तिला मी सवडीने सांगेन.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. रिकाम्या घरात परक्या माणसाला न्यायचं आणि खोल्या दाखवायच्या. मार्चमध्ये एक गृहस्थ आत आले आणि त्यांनी मागे वळून दाराला कडी घातली. वाऱ्याने दार आपटतं म्हणून, असं म्हणाले. असेलही. पुढे काहीच झालं नाही. पण घरी पोचल्यावर गाडीतून उतरायला पायांत बळ नव्हतं.

व्हिसावर होतो तोवर हत्यार घ्यायचा प्रश्नच नव्हता, माझ्यासारख्यांना कायद्यानेच बंदी होती. ग्रीनकार्ड आल्यावर मोकळीक मिळाली. टेक्सासमध्ये तर सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही कपड्यांखाली पिस्तूल बाळगता येतं. तुमची नूतनीकरणाची दगदग आठवून हे वाचताना हसू आलं असेल तुम्हाला. मी तरीही परवाना काढला. वर्ग केला, पन्नास गोळ्यांची परीक्षा दिली: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी निदान एकशे पंचाहत्तर गुण हवेत. मला दोनशे अकरा मिळाले. पण ते मास्तरांच्या मोठ्या पिस्तुलावर, त्यामुळे फार कौतुक नको.

खरी गंमत दुकानात. काउंटरपलीकडच्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर हातात ठेवलं. मूठ जांभळी. "लेडीजना हेच आवडतं." वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये टाकलं तर कळणारही नाही. मलाही तिथे उभ्या उभ्या ते फार गोड वाटलं, खोटं कशाला सांगू! पैसे काढणारच होते. मास्तरांचा नियम होता, आधी नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन उडवायचं आणि मग खिशाला हात लावायचा. तेवढ्याने वाचले.

मामा, तुमची बाराबोरची बंदूक आठवा. ती तीन किलोची, शिवाय दस्ता खांद्यात रुतवून बार काढायचा, तरी पहिल्या दिवशी बंडूदादाचा खांदा काळानिळा झाला होता. इथे खांदा नाही. दारू जळते तेव्हाचा सगळा हिसका अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवर येतो. काडतूस तेच ठेवून हत्यार निम्म्या वजनाचं केलं की तो हिसका जाणार कुठे? तुमच्या हातात. त्या हलक्या पिल्लातून मी पाच गोळ्या झाडल्या, साध्या पॉइंट अडतीस मापाच्या. तिसरीनंतर मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होते. पाचवी कागदाला लागलीच नाही. बरोबरच्या एका बाईंनी तशाच एका छोट्यात पॉइंट तीनशे सत्तावन मॅग्नम हे त्याहून जबर काडतूस घातलं होतं. एक झाडली आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून त्या हात झटकत बसल्या.

मग मास्तरांनी पोलादी दिलं, साडेसहाशे ग्रॅमचं. तीच अडतीसची काडतुसं, पण आता हाताला नुसती थाप बसल्यासारखी. नेम धरता आला. पण ते दिवसभर कमरेला बांधायचं म्हणजे संध्याकाळी कंबर बोलणार.

शेवटी मधलं घेतलं. रुगर एलसीआर, पाच गोळ्यांचं, नळी जेमतेम दोन इंची. त्यातही एक खुबी आहे. याच बनावटीचं अडतीसचं मॉडेल पावणेचारशे ग्रॅमच्या घरात भरतं आणि तीनशे सत्तावनचं पावणेपाचशेच्या वर, कारण जबर काडतूस पेलायला सांगाडा भक्कम केलेला. मी तीनशे सत्तावनचं घेतलं आणि त्यात घालते मात्र अडतीसच. ती त्यात बिनधास्त चालतात, उलटं चालत नाही. म्हणजे जादा शंभर ग्रॅम मी मुद्दाम विकत घेतलेत. आठवतंय, २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत, सव्वा लाखाच्या घरात? आपण ओटीवर बसून हसलो होतो. पण वजन त्यांनी अर्धा किलो ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं.

तुम्ही विचाराल, ऑटोमॅटिक पिस्तूल का नाही. इथे बहुतेक लोक तेच घेतात, दहा-बारा गोळ्या मावतात. पण त्याचा वरचा भाग मागे खेचावा लागतो आणि माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा तुम्हाला माहीत आहे. रिव्हॉल्व्हरला ते नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. घोडा आतच झाकलेला, कपड्यात अडकत नाही. चाप मात्र लांब आणि जड. तो ओढता ओढता नळी हलते, आणि छोट्या रिव्हॉल्व्हरची खरी मेख तिथेच आहे. मास्तर म्हणतात, हे नवशिक्याच्या हातात दिलं जातं, पण आहे ते मुरलेल्याचं हत्यार. मलाही आता तसंच वाटतं. हे माहीत असूनही घेतलंय, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

म्हणून रोज रात्री दहा मिनिटं सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, चक्रातली काडतुसांची घरं रिकामी आहेत हे दोनदा बोट फिरवून बघायचं, खोटी काडतुसं भरायची आणि नळीवर पुढे रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात रुपया सोफ्याखालून काढून काढून गुडघे दुखले. हल्ली दहातले सात वेळा टिकतो. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, नीट दिसायचीच नाही, तिच्यावर शेंदरी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. घरी आता पायांपेक्षा माशीला जास्त नेलपॉलिश लागतं असं हे म्हणतात.

पर्समध्ये ठेवत नाही. पर्स मी कुठेही ठेवून विसरते, आणि हिसकावली तर हत्यारासकट जाईल. कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानात, वरून कोट. घरी आल्यावर थेट बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत. आमचा चिनू चौदाचा आहे. सतराच्या आतल्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं इथे गुन्हा आहे, पण मला त्यासाठी कायदा लागत नाही. तुम्ही आम्हाला फक्त रिकामी लाल पुंगळी द्यायचात शिट्टी वाजवायला, आणि बंदुकीच्या खुंटीकडे नुसतं बघितलं तरी तुमचा आवाज चढायचा.

सगळीकडे नेताही येत नाही. काही दुकानांच्या दारांवर ३०.०६ आकड्याची पाटी असते, म्हणजे त्या कलमाखाली हत्यार आत आणायला मनाई, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंच-इंच अक्षरांत. ती दिसली की बाहेरच राहायचं. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात बसतो, त्या दिवसांत ते पेटीतच. मोदक वळायला दोन्ही हात लागतात, ते वेगळंच.

तुमची बंदूक निवडणुकीला ठाण्यात जमा केली होती ती परत आली का? आणि यंदा डुकरांनी नाचणीचं किती नुकसान केलं? फोनवर नीट सांगितलं नाहीत. मामींना नमस्कार. आई विचारू लागलीच तर सांगा, छबूने कसलासा वर्ग लावलाय.

तुमची,
छबू