रात्रपाळीच्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. ऑर्थोच्या वॉर्डातला कोपऱ्याच्या खाटेवरचा हिमोफिलियावाला म्हटलं की ओळखाल.

माझं फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठायला लागणारं प्रथिन, नेहमीच्या माणसाच्या एक टक्क्याहून कमी. लहानपणापासून गुडघ्यात रक्त साठून साठून सांधा पार खलास. बदलायचा म्हटलं तर एका ठिकाणी साहेबांनी फाइल न उघडताच "आम्ही असली रिस्क घेत नाही" म्हणून वाटेला लावलं. दुसरीकडे दुखतंय म्हटल्यावर, आई नको नको म्हणत असताना, कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठोकलं. सगळी बाजू काळीनिळी झाली, आणि वर आईलाच ऐकवलं, आधी सांगायला काय झालं होतं!

तुमच्याकडे सर्जन आणि हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्तविकारांच्या, मॅडम आधी एकत्र बसले. इन्हिबिटर, म्हणजे दिलेलं फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी रक्तात आहे का, ते तपासलं, फॅक्टरचा साठा हाताशी आल्याशिवाय तारीख दिली नाही. माझ्यासारख्या ६० किलोच्या माणसाला शंभर टक्क्यांवर न्यायला ३००० युनिट लागतात, आणि ८ ते १२ तासांत त्यातलं निम्मं संपलेलं असतं. म्हणजे ऑपरेशन एका सकाळचं, राखण पुढे दोन आठवडे. सगळ्यांचेच आभार. पत्र मात्र तुम्हाला.

रात्रीचा डोस तुमच्याकडे असायचा. कुपी हलवायची नाही, फेस होतो. तुम्ही ती दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायचात. सलाईन निघाल्यावर रोज नवी सुई. तेव्हा विचारायचात, "आज कुठली शीर देतोस?" जन्मभर टोचून घेणाऱ्याला आपल्या शिरा पाठ असतात, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि सुई काढल्यावर कापूस माझ्या हातात कोंबून पुढच्या खाटेकडे गेला नाहीत. स्वतः अंगठा दाबून पाच मिनिटं उभ्या राहायचात. वॉर्ड गच्च, पलीकडून कुणी हाका मारतंय. मी धरतो म्हटलं तर, "तू झोप रे." हे एकदा बघितल्यावर आईने जागरण सोडलं. खाटेखाली सतरंजीवर चक्क घोरायला लागली.

याला कुठली पदवी लागते? पेशंटला विचारायचं, तो सांगेल ते ऐकून घ्यायचं. मोठमोठ्या पाट्यांखाली बसलेल्यांना तेवढं जमलं नाही.

गुडघा आता नव्वद अंशांपर्यंत वाकतो. दुसराही करायचाय. तारीख घेण्याआधी तुमची रात्रपाळी कधी आहे ते विचारून घेईन.

तुमचा,
कोपऱ्यातला पेशंट