समोरच्या गल्लीतल्या अक्कांना

अक्का,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, तिला मी सांगून ठेवलंय. तरी ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण त्या सकाळी जे झालं ते सगळ्यांच्या देखतच झालं होतं.

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली दिवाळीनंतर आग्या मोहोळ बसलं. आधी ताटाएवढं होतं, मग बघता बघता मोठ्या परातीएवढं झालं. एकच उघडं लोंबणारं पोळं आणि त्यावर माश्यांचा काळा-तांबूस पडदा. एखादी मोठी गांधीलमाशी जवळून गेली की त्या पडद्यावरून पाण्यावर उठावी तशी लहर सरकायची. आईला ती लहर बघायला फार आवडायचं. ती सांगोल्याची, डाळिंबाच्या बागेत वाढलेली. "या नसतील तर फुलाला फळ कसं धरंल?" म्हणायची आणि मोहोळापासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आपलं वाळवण घालायची. चार महिने आम्हाला कुणाला एक माशी चावली नाही.

पण इमारतीत लहान मुलं आहेत. म्हणून मीसुद्धा अर्ज केले, दोन केले. एका ठिकाणी सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पहिल्या ठिकाणचाच पत्ता दिला. शेवटी वर्गणी काढून औषध फवारणारा बोलावला. आग्या मोहोळाला दिवसा हात लावायचा नसतो, हे खेड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. या माणसाने सकाळी अकरा वाजता, मार्चच्या उन्हात, गच्चीवर कोण आहे हेही न बघता पंप मारला. माश्या उठल्या तसा नळी तिथेच टाकून खाली पळाला आणि गाडीला किक मारून गेला. दीड हजार रुपये आगाऊ घेतले होते, ते गेले. पैशाचं मला काही नाही. "आजी, खाली जा" एवढी एक हाक मारायला त्याला काय लागत होतं, हा प्रश्न मात्र मला अजून झोपू देत नाही.

आई वर कुरडया घालत होती. ७१ वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. तिची किंकाळी ऐकून मी वर धावले आणि गच्चीच्या दारात थिजले. खोटं कशाला बोलू? आई तोंडावर पदर घेऊन खाली बसली होती आणि तिच्या पांढऱ्या केसांवर काळं टोपडं घातल्यासारख्या माश्या होत्या. माझे पाय पुढे जाईनात. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली, त्यांना मी बोल लावत नाही, त्यांच्याही घरात पोरंबाळं आहेत. पण समोरच्या खिडक्यांच्या काचांमागे चार-पाच मोबाईल वर धरलेले मला दिसले. ती माणसं रोज मला "ताई, जेवलात का" विचारतात.

आणि तुम्ही माझ्या शेजारून आत गेलात, अक्का. तुम्ही तुमच्या ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसला होता, तिथून तुम्हाला दिसलं. कात्री, पान, तंबाखू सगळं तसंच टाकून उठलात. एक चादर अंगावर गुंडाळलेली, एक हातात. आपली सोलापुरी चादर, जाड, निळ्या-लाल नक्षीची. हातातली आईवर टाकलीत, तिला त्या चादरीसकट कवेत घेतलंत आणि जिन्यावरून आमच्या घरात आणलंत. दार लावलंत, ट्यूब बंद केलीत, एकाच खिडकीचा पडदा सरकवलात. आत आलेल्या माश्या उजेडाकडे, काचेकडे गेल्या. हे तुम्हाला कुणी शिकवलं, ते मला विचारायचंय.

खोलीत पिकलेल्या केळासारखा वास सुटला होता. आमच्या घरात तेव्हा एकही केळ नव्हतं. माशी काटा मारते तेव्हा तिच्या अंगातून तो वास निघतो आणि बाकीच्यांना बोलावतो, हे मला पुढे दवाखान्यात समजलं. तेव्हा फक्त मळमळत होतं. मी चिमटा शोधत ड्रॉवर उपसत होते. तुम्ही म्हणालात, "चिमटा राहू दे बाळ," आणि अंगठ्याच्या नखाने पहिला काटा खरवडून काढलात. विडीचं टोक मुडपून मुडपून टणक झालेलं ते नख. आई थरथरत होती, डोळे मिटून नुसती "गेले मी, गेले मी" म्हणत होती. तेव्हा तुम्ही तिच्या कानाशी वाकून म्हणालात, "अम्मा, माझ्यासंगं मोजा."

ओकटी. रेंडु. मूडु.

मला या पत्रात खरं तर एवढंच लिहायचं होतं. बाकी सगळं त्याच्या आगचं-मागचं आहे. आईला तेलुगू येत नाही. सोलापूरच्या पूर्वभागात, तुमच्या तेलुगू वस्तीत, तीस वर्षं राहून तिला भाजीपुरतं कळतं, तेवढंच. पण ती मोजायला लागली. तुम्ही म्हणायचात, ती मागून म्हणायची, चुकायची, तुम्ही दुरुस्त करायचात. केसांतून, कानामागून, मानेवरून, बोटांवरून एकेक काटा काढून तुम्ही वाटीत टाकत होता. "इरवै ऐदु", म्हणजे पंचवीस झाले तेव्हा म्हणालात, "एक कट्टा झाला अम्मा," जसा पंचवीस विड्यांचा बांधता तसा, आणि माझी आई त्या अवस्थेत हसली. आवाज न होता, नुसते ओठ हलले, पण हसली. मी तिची मुलगी, मी नुसती रडत होते. तिला त्या भीतीतून बाहेर काढलं ते तुमच्या आकड्यांनी.

४३ झाले. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, काटे किती? मी लगेच सांगितलं, त्रेचाळीस. त्यांनी मान वर करून बघितलं, कारण एवढं नेमकं उत्तर कुणी देत नाही म्हणे. इतके डंख झाले की विषाचा त्रास मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त-लघवी पुन्हा पुन्हा तपासली. श्वास कोंडतोय का, गळा सुजतोय का, अंगभर गांधी उठल्यात का, चक्कर येते का, हे विचारत राहिले. यातलं काही दिसलं तर मिनिटभरही न थांबता दवाखाना गाठायचा, एका डंखानेसुद्धा असं होऊ शकतं, हेही सांगितलं. आणि सांगितलं की मधमाशीचा काटा आकडेदार असतो, तो कातडीत अडकून राहतो, माशी गेली तरी मागची विषाची पिशवी आकसत राहते. म्हणून कशाने काढता याला महत्त्व नाही, किती लवकर काढता याला आहे. तुमचं नख, अक्का.

आता ज्याने मला खरोखर लाजवलं ते सांगते. आईला घरी आणल्यावर तुमची नात भेटली. ती म्हणाली, आजीच्या दोन्ही हातांना सूज होती, डावी पापणी मिटली होती, तीन दिवस विडी वळता आली नाही. तुमची मजुरी हजार विड्यांमागे. वळाल तेवढी मिळणार, हात थांबला की पैसा थांबला. तुम्ही आमच्या घरी तासभर होता, रिक्षात आईला बसवेपर्यंत होता, आणि तुमच्या हातावरचे काटे ना मी बघितले, ना कुणी मोजले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी पैसे घेऊन आले तेव्हा "काय बी नको" म्हणून मला चहा पाजून परत पाठवलंत, पापणी तेव्हाही सुजलेली होती.

माणसं चांगली असतात की वाईट, यावर मी आता वाद घालत नाही. त्याच सकाळी, त्याच गल्लीत मी दोन्ही बघितली. एवढं मात्र कळलं की आपलं म्हणायला भाषा, जात, रोजची ओळख यातलं काहीच लागत नाही. तुमची-आमची तर फक्त पाण्याच्या टँकरपुरती ओळख होती.

मोहोळ गेलं. उरलेल्या माश्या आठवड्याभरात उठून गेल्या, टाकीखाली कोरडं पोळं लोंबतंय. आई अजून गच्चीवर जात नाही. माश्यांवर तिचा राग नाही, "त्यांचं घर जाळलं त्या बाप्याने" म्हणते. तिचं आता एक नवीन चालू आहे. रात्री झोप आली नाही की बोटांवर मोजत बसते. ओकटी, रेंडु, मूडु. विसाच्या पुढे अडखळते आणि पुढचा आकडा मला विचारते. पण मला तरी कुठे येतंय? तुम्हालाच यावं लागेल सांगायला.

तुमची चादर आमच्याकडेच आहे. दोनदा धुतली, उन्हात घातली, घडी करून ठेवली. मी आणून देणार होते, पण आईने हातातून काढून घेतली. जिना उतरता आला की तुमच्या ओट्यावर ती स्वतः आणून देणार आहे.