जांभूळ जेवणाबरोबर खा, गोळ्या मात्र सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाला सुरुवात झाली की खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या बायका जांभळांच्या पाट्या घेऊन बेळगावच्या बाजारात बसतात. त्याच सुमारास जांभळाची पावडर आणि बाटलीबंद रस विकणाऱ्यांच्या जाहिरातींनाही ऊत येतो. मधुमेह मुळापासून बरा होतो, गोळ्या सुटतात, असा त्यांचा दावा असतो. मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. हे वाचून माझ्या ओळखीतल्या काहींनी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या, म्हणून हे पत्र.

जांभळात गुण आहे, हे आधी मान्य करतो. त्याच्या सालीला जांभळा रंग देणारी अँथोसायनिन आणि तुरटपणा आणणारी टॅनिन ही दोन्ही पॉलिफेनॉल या वर्गातली द्रव्ये. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात. आता भात-भाकरीतल्या स्टार्चची साखर करणारी अमायलेज आणि ग्लुकोसिडेज ही विकरे (एन्झाइम) सुद्धा प्रथिनेच. फळातली पॉलिफेनॉल त्यांचे काम थोडे मंदावतात. जेवणातली साखर मग एकदम न उसळता सावकाश रक्तात उतरते. डॉक्टर जेवणाच्या सुरुवातीला घ्यायला सांगतात ती अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी आतड्यातल्या याच कामाला अडवते, पण मोजून दिलेल्या मात्रेत आणि कितीतरी जास्त जोराने. फळ आणि औषध यांच्यातला फरक इथेच आहे.

सफरचंदाची गोष्ट तर आणखी मोठी आहे. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले. आतड्यात आणि मूत्रपिंडात ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनांना ते अडवते. त्याच धाग्यावरून पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहावरची औषधे तयार झाली. पण म्हणून झाडाची साल उकळून पिणे म्हणजे ते औषध घेणे नव्हे.

फळाचा हा परिणाम व्हायचा तर फळ आणि जेवण पोटात एकत्र असावे लागते. फिनलंडमध्ये निरोगी माणसांना साखरेबरोबर बेरींचा गर दिला, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात रक्तातली साखर कमी चढली. सकाळी उपाशीपोटी चमचाभर चूर्ण घेऊन दुपारी ताटभर भात खाल्ला, तर या मार्गाने फारसे काही हाती लागत नाही. रस गाळला की सालीचा आणि गराचा बराच भाग चोथ्यात जातो, साखर तेवढी पेल्यात उतरते. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार लोकांचा अभ्यास छापून आला. ब्लूबेरी, द्राक्षे, सफरचंद अशी अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी दिसले, फळांचा रस पिणाऱ्यांत ते जास्त दिसले.

आपल्याकडे मात्र उलटेच चालते. शुगर निघाली की घरात पहिली बंदी फळांवर येते. भात दोन्ही वेळा तसाच, चहात साखर तशीच, पाहुणे आले की कुंदाही येतो. उन्हाळ्यात करवंदे, पावसाळ्यात जांभळे, हिवाळ्यात पेरू आणि आवळे, एवढे सगळे आपल्याच मातीत पिकत असताना शुगरवाल्याने त्याकडे पाहायचे नाही, याचे मला फार वाईट वाटते. भाताचा एक डाव कमी करून जेवणाबरोबर मूठभर जांभळे खावीत. दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासली, तर आपल्या अंगाला ते किती मानवते हे कळते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असताना शुगर फार उतरली, तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या भीतीवर पावडर-रसाचा हा धंदा चालतो. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात देणे हा गुन्हा आहे. तरी असे फलक भर रस्त्यात लागतात. जिल्हा आरोग्य खात्याने आणि औषध नियंत्रण विभागाने यात लक्ष घालावे. आपल्या दैनिकानेही अशा जाहिराती स्वीकारू नयेत. जांभळांचा हंगाम सुरू होण्याआधी एखाद्या मधुमेहतज्ज्ञाचा लेख छापावा, ही विनंती. तो लेख मराठीबरोबर इथल्या कन्नड दैनिकांतही आला तर जास्त घरांत पोहोचेल.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)